खालील उतारा वाचा (न वाचल्यास गुण कापले जाणार नाहीत)

सदर मार्गदर्शिका अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या नवशिक्यांसाठी आहे. दादरच्या दक्षिणेला राहणाऱ्यांनी ती वाचू नये. त्यांचं इंग्रजी चांगलं असतं, असं त्यांनीच आपल्याला वेळोवेळी सांगितलेलं आहे. विरार आणि डोंबिवलीकरांनी वाचायला हरकत नाही, फक्त चौथ्या सीटवर बसून वाचावी.

पात्रता विशेष लागत नाही. घरात इंग्रजीचा एखादा पेपर तोंडावर आलेला माणूस असावा, आणि तो असतोच. एखादं मराठी कुटुंब घ्या, वन बीएचके, बोरिवली पूर्व. आजोबांचं इंग्रजी आठवीला सुरू झालं, कारण स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने ते आठवीपर्यंत लांबवलं होतं. बाबांच्या वेळी ते पाचवीपासून होतं. ताईच्या वेळी पहिलीपासून झालं, कारण २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तसा निर्णय झाला. धाकटं शेंडेफळ थेट इंग्रजी माध्यमात. एकाच घरातल्या चौघांची गाडी चार वेगवेगळ्या स्टेशनांवरून सुटली आहे. आता निकाल पाहा. आजोबा बँकेला अर्ज लिहितात तेव्हा 'आय बेग टू स्टेट'पासून 'युअर्स फेथफुली'पर्यंत एक स्वल्पविराम चुकत नाही, पण कस्टमर केअरचा फोन आला की तो बाबांकडे देतात. बाबांना सगळं कळतं, पण बोलायच्या आधी ते वाक्य मनात मराठीत मांडतात, मग इंग्रजीत उलटवतात, आणि तोवर पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करून फोन ठेवतो. ताई न थांबता बोलते. शेंडेफळ म्हणतं, "आई, मला हंग्री झालंय." उशिरा सुरू केलेल्याचं व्याकरण पक्कं, लवकर सुरू केलेल्याचं तोंड मोकळं. दोन्ही एकाच माणसात आढळल्यास कळवावे.

साहित्य

पहिलं म्हणजे रेन आणि मार्टिनचं लाल पुस्तक. नवं घेऊ नये. रद्दीच्या दुकानातलं घ्यावं, म्हणजे आधीच्या मालकाने पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं आयती मिळतात. ती चुकीची असतात, पण सोबत होते. पी. सी. रेन हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि पुढे 'बो जेस्ट' या १९२४ सालच्या कादंबरीमुळे त्यांचं नाव जगभर झालं. वाळवंटातल्या किल्ल्यात मेलेले सैनिक तटावर उभे करून ठेवायचे, म्हणजे शत्रूला वाटावं की फौज शाबूत आहे, ही कल्पना त्या कादंबरीतली. असा माणूस नामाचे प्रकार शिकवायला बसला आहे हे पुस्तक उघडताना लक्षात ठेवावं. अस्सल प्रतीची खूण अशी की पहिली पानं हाताळून काळी पडलेली असतात आणि उरलेलं पुस्तक कोरं करकरीत असतं. म्हणूनच कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउनमधला फरक न येणारा माणूस उपनगरात शोधून सापडायचा नाही.

दुसरं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. ती आजोबांच्या ट्रंकेत असते. तर्खडकर आडनावाचा आणि व्याकरणाचा ऋणानुबंध जुना आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते लिंडले मरे या साहेबाचं इंग्रजी व्याकरण समोर ठेवून. आपली विरामचिन्हंही मेजर कँडी या साहेबाच्या पुढाकाराने रुळली. तेव्हा पूर्णविराम कुठे द्यायचा हे कळत नसेल तर स्वतःला दोष देऊन घेऊ नये.

तिसरं, रॅपिडेक्स. याच्या जाहिरातीत कपिल देव असायचा. त्या पिढीतल्या अनेकांना इंग्रजी आलं नाही, पण आउटस्विंग टाकून पाहिल्याशिवाय कुणी राहिलं नाही. चौथं, एक पिवळा हायलायटर. याचं काम पुढे कळेल.

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणतात, आणि तसं म्हटल्याचं श्रेय विष्णुशास्त्री चिपळूणकरांना दिलं जातं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघ पाहायला सफारीची बस मिळते, पण दुधाची सोय तिथे नाही. त्यासाठी क्लास लावावा लागतो. तो स्टेशनपासून दोन मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर, दाताच्या दवाखान्याशेजारी असतो आणि तिथे तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवतात. एकतिसाव्या दिवसाबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नसतं.

शिवाय एक मामा लागतो. तो सांगतो, "रोज टाइम्सचा अग्रलेख वाच आणि अडलेले शब्द वहीत उतरवून काढ." हे वर्तमानपत्र १८३८ साली 'बॉम्बे टाइम्स' या नावाने निघालं, तेव्हापासून मामा लोक हा सल्ला देत असावेत. वहीत पहिल्या पानावर 'नेव्हरदलेस' आणि 'अल्बीट' असतं. दुसरं पान नसतं.

काळ

भूतकाळात दोन गोष्टी घडल्या असतील तर आधी घडलेली पास्ट परफेक्टमध्ये टाकावी, असा नियम आहे. या एका नियमासाठी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या एक रोगी मरत आला आहे. 'डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.' द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. कुठल्याही सालातला, कुठल्याही सरांचा क्लास घ्या, डॉक्टर वेळेवर आलेला नाही. मुलं फळ्यावरून तो रोगी शांतपणे वहीत उतरवून घेतात, कुणी हळहळत नाही.

उपनगरी नवशिक्याने त्या रोग्याला आता सोडून द्यावं. आपल्याकडे ताजी उदाहरणं प्लॅटफॉर्मवर मिळतात. 'व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द एट फिफ्टी-टू हॅड लेफ्ट.' आधी गाडी गेली, मग मी पोचलो. क्रम कळायला व्याकरण लागत नाही, सुटलेल्या गाडीचा शेवटचा डबा दिसला तरी पुरतो. त्यापुढचा फ्यूचर परफेक्ट कठीण मानतात, पण तोही स्टेशनपरत्वे आहे. 'बाय द टाइम द ट्रेन रीचेस अंधेरी, ऑल द सीट्स विल हॅव बीन टेकन.' बोरिवलीला बसून निघणाऱ्याला हा काळ घोकावा लागतो. अंधेरीला चढणाऱ्याला तो जन्मजात येतो.

चालू वर्तमानकाळ आपण गरजेपेक्षा जास्त वापरतो अशी परीक्षकांची तक्रार असते. 'आय ॲम हॅविंग अ फ्लॅट इन मुलुंड' हे त्यांच्या मते चूक, कारण फ्लॅट असणं ही चालू असलेली क्रिया नव्हे. ज्याचे हप्ते अजून पंधरा वर्षं जायचे आहेत त्याला विचारा.

आर्टिकल्सचा भाग गाळला तरी चालेल. ए, ॲन, द यांच्यावाचून मराठीचं आजवर काही अडलेलं नाही. पेपरात रिकामी जागा आली तर 'द' लिहावं, निम्म्या वेळा लागतं. क्वेश्चन टॅगचंही तसंच. पेपरात 'डिडन्ट ही', 'कान्ट दे', 'शॅल वी' असं प्रत्येक वाक्याला वेगळं शेपूट लावावं लागतं. पेपर संपला की सगळ्याला मिळून एक 'ना' पुरतो. यू आर कमिंग, ना?

मग येतं 'डू ॲज डायरेक्टेड'. यात सांगतील तसं वाक्य फिरवायचं, का ते विचारायचं नाही. शिक्षण मंडळाला 'टू' या शब्दाचं पूर्वापार वावडं आहे. 'ही इज टू टायर्ड टू वॉक' हे वाक्य दिसलं की 'रिमूव्ह टू' असा हुकूम येतो. मग मूल लिहितं, 'ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक.' दोन्ही वाक्यांत माणूस दमलेलाच राहतो, त्याला कुणी बसायला जागा देत नाही, पण एक गुण मिळतो. 'नो सूनर डिड... दॅन' ही रचनाही अशीच. ती पेपरात जन्मते आणि पेपरातच संपते. घाटकोपर स्टेशनला मेट्रोतून उतरून लोकलचा पूल चढताना कुणाच्याही तोंडून ती आजवर निघालेली नाही. घाटकोपरच्या पुलावर 'नो सूनर'ला वाव नाही, तिथे जे होतं ते उशिराच होतं.

कर्मणी प्रयोग

हा भाग मात्र नीट करावा. पुस्तकातली उदाहरणं घेऊ नयेत. राम रावणाला मारतो आणि रावण रामाकडून मारला जातो, यात दोघांच्याही प्रकृतीत फरक पडत नाही. खरा कर्मणी प्रयोग आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर, लेटरबॉक्सच्या शेजारी, काचेच्या आड लावलेला असतो. तो उतारा असा: 'ऑल मेंबर्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट ड्यू टू क्लीनिंग ऑफ ओव्हरहेड टँक वॉटर विल नॉट बी सप्लाइड ऑन संडे. इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड.'

आता वही काढा आणि प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा. कळवलं कुणी? पाणी कोण देणार नाही? गैरसोय कुणी केली? खेद कुणाला झाला? एकाही प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात नाही. कर्ता सांगायची गरज नसेल तर 'बाय'पासून पुढचा भाग गाळावा, अशी सवलत व्याकरणात आहे, आणि गृहनिर्माण संस्थांच्या सेक्रेटरींनी तिचा जितका लाभ घेतला तितका खुद्द इंग्रजांनीही घेतला नसेल. वर्षाचा हिशेब मांडायची वेळ येते तेव्हा तर 'नोटिस इज हिअरबाय गिव्हन' असं म्हणत तीस सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकली जाते, आणि त्या सभेत पार्किंगच्या पैशांचं काय झालं असं विचारल्यावर उत्तर मिळतं, 'इट हॅज बीन युटिलाइज्ड.' कर्ता तिथेही नसतो. तो त्या दिवशी गावाला गेलेला असतो.

याच नोटिशीचं कर्तरी रूपांतर कसं करायचं ते वॉचमनकडून शिकावं. शनिवारी संध्याकाळी तो मजल्यामजल्यावर बेल मारत जातो. "उद्या पाणी बंद हाय. सेक्रेटरीसायबांनी सांगितलंय, भरून ठेवा." कर्ता, कर्म, क्रियापद आणि उपाय, सगळं आलं. काचेतली नोटीस मग कुणी वाचत नाही. ती वाचण्यासाठी नसतेच, लावल्याचा पुरावा म्हणून असते.

आकलन

इथे आपण मुख्य विषयाला येतो. मराठी माध्यमात इंग्रजी ही तिसरी भाषा. दहावीच्या परीक्षेला प्रश्नपत्रिका म्हणत नाहीत, कृतिपत्रिका म्हणतात. ऐंशी गुण लेखी आणि वीस शाळेच्या हातात. तिच्यात उतारे असतात, काही पुस्तकातले, काही बाहेरचे. खाली प्रश्न असतात. उतारा वाचावा आणि उत्तरं द्यावीत अशी अपेक्षा असल्याचं वरवर दिसतं.

नवशिक्या इथेच फसतो. तो उतारा वाचायला घेतो.

अनुभवी विद्यार्थी आधी प्रश्न वाचतो. प्रश्नातला लांबलचक शब्द पकडतो. तो शब्द उताऱ्यात कुठे आहे ते शोधतो. ज्या वाक्यात सापडला ते वाक्य पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत जसंच्या तसं उतरवतो. सुरुवातीला 'बिकॉज' जोडतो. पुढच्या प्रश्नाकडे वळतो. यात अर्थाचा संबंध कुठेही येत नाही. पटत नसेल तर हा उतारा घ्या: 'द झोंबा गमड्ड द टिपरी निअर वडाळा, बट द टिपरी वॉज लोफट.' आता प्रश्न. हू गमड्ड द टिपरी? द झोंबा. व्हेअर? निअर वडाळा. हाउ वॉज द टिपरी? लोफट. तीनपैकी तीन. यातलं वडाळा सोडलं तर एकही नाव खरं नाही, आणि तिथे झोंब्याने नेमकं काय केलं हे सांगता येणारा माणूस पृथ्वीतलावर नाही. तरी गुण पूर्ण. मी वर्षानुवर्षं घरी शिकवणी घेतो; या युक्तीवर पास झालेली मुलं आज बँकेत, आयटीत आणि दोघंतिघं परदेशात आहेत. युक्ती वाईट नाही. ती शिकवली जाते ती वाचन या नावाने, एवढाच माझा आक्षेप आहे.

एकच प्रश्न या युक्तीला दाद देत नाही. तो शेवटी येतो, त्याला 'पर्सनल रिस्पॉन्स' म्हणतात. तुम्हाला काय वाटतं, असं तो विचारतो. दहा वर्षांत कुणी विचारलेलं नसतं, त्यामुळे मूल दचकतं. उताऱ्यात शोधतं, तिथे ते स्वतः सापडत नाही. यावर क्लासवाल्यांनी एक रामबाण वाक्य पाठ करून दिलेलं असतं: 'येस, आय लाइक इट व्हेरी मच बिकॉज इट इज व्हेरी युसफुल इन अवर लाइफ.' उतारा झाडांवर असो, मोबाइलवर असो की भूकंपावर, हे चालतं. भूकंपाच्या बाबतीत तपासणाऱ्या बाई क्षणभर थांबतात आणि अर्धा गुण देतात.

सरावासाठी एक उतारा रोज डोक्यावर लटकत असतो, लोकलमध्ये, लाल साखळीच्या बाजूला. मजकूर साधारण असा: गाडी थांबवण्यासाठी साखळी ओढा. पुरेशा व वाजवी कारणाशिवाय ओढल्यास हजार रुपयांपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. हे रेल्वे कायद्याचं, १९८९ सालच्या, १४१वं कलम आहे. आता कृती सोडवा.

कृती एक. जाळं पूर्ण करा: साखळी ओढण्याची फळं. (दंड. कैद. दोन्ही. मागून येणाऱ्या सगळ्या गाड्यांचे शिव्याशाप, हे उताऱ्यात नाही पण गुण द्यावेत.)

कृती दोन. चूक की बरोबर: साखळी ओढली की दंड होतोच. (चूक. 'पुरेशा व वाजवी कारणाशिवाय' हे शब्द बहुतेकांनी वाचलेले नसतात. कारण असेल तर ती ओढण्यासाठीच लावलेली आहे.)

कृती तीन. वैयक्तिक प्रतिसाद: 'रीझनेबल अँड सफिशियंट' कारण कोणतं, ते तुमच्या शब्दांत लिहा. बाई फलाटावर आणि मूल डब्यात राहिलं, हे चालेल का? बॉसचा फोन आला, हे? पिशवी राहिली? पिशवीत लॅपटॉप होता? ही कृती मी मुलांना देतो तेव्हा पहिल्यांदा वर्गात भांडण होतं. कुणी उताऱ्यात शब्द शोधत नाही. 'आणि' आहे की 'किंवा' आहे हे पाहायला उठून पुन्हा वाचतात. अख्ख्या वर्षात तेवढा अर्धा तास आकलनाचा.

अंतिम परीक्षा

शेवटचा उतारा मंडळ देत नाही, बिल्डर देतो. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, कुठेही जा, चाळीसएक वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि आयुष्यात एकदाही आपणहून इंग्रजी पान न उलटलेल्या माणसापुढे शंभरेक पानांचा करारनामा येऊन पडतो. विषय: तुमचं घर. वेळ: रविवारच्या सभेपर्यंत. उत्तीर्ण होण्यासाठी सही पुरेशी.

गंमत अशी की या सगळ्या प्रकाराचे नियम मराठीत आहेत. सहकार कायद्याच्या ७९ अ कलमाखाली सरकारने आधी ३ जानेवारी २००९ ला आणि मग ४ जुलै २०१९ ला निर्देश काढले. सभेचं व्हिडिओ चित्रण करा, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती घ्या, असं २०१९च्या निर्देशांत मराठी शासन निर्णयाच्या भाषेत लिहिलेलं आहे. करारनामा मात्र इंग्रजीतच येतो. नियम मराठीत आणि सही इंग्रजीवर, अशी वाटणी झालेली आहे. अनुभवी विद्यार्थी इथेही आपली युक्ती वापरतो. त्याला 'कार्पेट एरिया' हा शब्द हवा असतो. तो सापडेपर्यंत पानं उलटतो, आकडा पाहतो, पिवळा हायलायटर फिरवतो आणि समाधानाने पान मिटतो. रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. पण ती व्याख्या करारात धरली आहे की दुसरीच कुठली, हे आकड्याच्या वाक्यात नसतं. ते मागे, व्याख्यांच्या पानावर असतं, आणि तिथपर्यंत हायलायटर पोचत नाही.

मुलुंड पूर्वेच्या एका गच्चीवरची अशी सभा मी पाहिली आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोशाचा खोका, व्हिडिओवाला पाण्याच्या टाकीवर चढून बसलेला. अध्यक्ष मसुद्याची पानं भरभर उलटत होते आणि बिल्डरचा माणूस दर कलमाला "स्टँडर्ड आहे, स्टँडर्ड आहे" म्हणत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी चष्मा विसरला म्हणून वाचून दाखवायला दहावीतली नात सोबत आणली होती. ती मध्येच म्हणाली, "काका, इथे मे आहे."

"मे नाही गं, डिसेंबर," अध्यक्ष म्हणाले. "पझेशन डिसेंबरात."

"महिना नाही हो काका. मोडल ऑक्झिलरी. 'द डेव्हलपर मे प्रोव्हाइड वन कार पार्किंग.' मे म्हणजे पॉसिबिलिटी. आम्हाला एका मार्काला येतं, फंक्शन ओळखा म्हणून."

"आणि आपल्याला काय आहे?" आजोबांनी विचारलं.

तिने आधीचं पान काढलं. "'द मेंबर्स शॅल व्हेकेट विदिन थर्टी डेज.' शॅल. ऑब्लिगेशन."

बिल्डरचा माणूस म्हणाला, ते स्टँडर्ड आहे. पण आजोबा आठवीपासून इंग्रजी शिकलेले होते, त्यांचं व्याकरण पक्कं होतं. त्यांनी नातीला सगळा मसुदा तिथेच चाळायला लावला. सभासदांच्या वाट्याला जिथे तिथे 'शॅल' आणि बिल्डरच्या वाट्याला 'मे', नाहीतर 'शॅल एंडेव्हर टू', म्हणजे प्रयत्न करीन. भाडं वेळेवर देण्याचा प्रयत्न. मुदतीत बांधण्याचा प्रयत्न. 'अप्रॉक्झिमेटली' तीन ठिकाणी. 'सब्जेक्ट टू' किती ठिकाणी ते मोजायचं सोडून दिलं. कर्मणी प्रयोगही होता: 'एनी डिले शॅल बी कम्युनिकेटेड.' कुणाकडून, ते नव्हतं. व्हिडिओवाल्याने टाकीवरून विचारलं, "हे पण घ्यायचं का?" सगळे एकदम हो म्हणाले.

त्या दिवशी सही झाली नाही. पंधरवड्याने सुधारित मसुदा आला तेव्हा पार्किंगपुढे 'शॅल' होतं. भाड्यापुढेही होतं. 'अप्रॉक्झिमेटली' एकाच ठिकाणी राहिलं, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपुढे, आणि ते राहू दिलं.

गृहपाठ

मसुदा सभेच्या आधी घरी मागून घ्या. व्याख्यांचं पान पहिल्यांदा वाचा, कार्पेटचा आकडा शेवटी. दहावीतल्या कुठल्याही मुलीला किंवा मुलाला बसवून प्रत्येक 'मे'खाली लाल पेनाने रेघ मारायला सांगा आणि त्याबद्दल एक वडापाव द्या. कर्मणी वाक्य आलं की समासात 'कुणाकडून?' असं लिहा. इंग्रजी मसुद्यासोबत मराठी प्रत हवी असेल तर तसं पत्र सभेच्या आधी कमिटीला द्या आणि पोच घ्या. पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं.